मापवाली आणि माळ्यावरचे मोजे

मापवालीला मी पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ती माझ्यावर ओरडत होती.

आजाऱ्यांच्या वस्तूंचं दुकान होतं ते. चाकाच्या खुर्च्या, काठ्या, कमरेचे पट्टे आणि कॉम्प्रेशनचे मोजे. चौतीस वर्षं फळ्यासमोर उभी राहून माझ्या पायांच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या होत्या, म्हणून डॉक्टरांनी हे गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे घालायला सांगितले होते. दोन महिन्यांत ते ढिले पडले. मी ते पिशवीत घालून परत करायला गेले. तक्रारीचं वाक्य वाटेतच जुळवून ठेवलं होतं.

ते माझ्या तोंडातच राहिलं. काउंटरमागच्या बाईने मोजा उलटा केला, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बोट फिरवत फिरवत वाचायला लागली.

"उन्हात वाळवलेत."

"थोडा वेळच हो..."

"थोडा वेळ नाही, रोज. रंग बघा. आणि चिमटे वरच्या पट्टीला लावलेत, हे दात उमटलेत. पिळलेत पण. आणि हा वास कसला? कपडे मऊ करायचं ते निळं पाणी ना? तुम्ही मोजे धुतले नाहीत बाई, मारलेत!"

दुकानात आणखी चौघं होती. पायाचं माप द्यायला बसलेला एक म्हातारा खुदकन हसला. मी चौतीस वर्षांत शेकडो मुलांना वर्गासमोर उभं केलं असेल, पण समोर उभं राहिल्यावर कान कसे तापतात ते मला त्या दिवशी कळलं.

आणि तरीही मला ती आवडली. वहीची एक ओळ वाचून कोणी कोणाचं बघून लिहिलंय ते मी सांगायचे; तिला तसं मोज्यावरून आख्खं घर दिसत होतं. पंचेचाळिशीची, काटकुळी, गळ्यात टेप, हातात ना बांगडी ना अंगठी, नखं मुळापर्यंत कापलेली. नखाने मोज्याचा धागा ओढला जातो, म्हणून. लोक तिला मापवाली म्हणत. तोंडावर ताई म्हणत, कारण घाबरत.

नवी जोडी देताना तिने मला धडा दिला. "रोज धुवायचे. घाम आणि तेल राहिलं की धागा सैल पडतो; धुतला की पुन्हा आवळतो. पाणी कोमट. कोपर बुडवून बघा, तान्ह्या बाळाला चालेल तेवढंच. साधा साबण, जास्त फेस नको. उलटे करून नुसते दाबायचे, घासायचे नाहीत. मग टॉवेलमध्ये गुंडाळून टॉवेल दाबायचा. पिळायचं नाही! आणि सावलीत आडवे पसरायचे. टांगायचे नाहीत, पाण्याच्या वजनाने लांबतात. दोन जोड्या ठेवा, आलटूनपालटून. म्हणा आता."

"काय?"

"मी सांगितलं ते. म्हणून दाखवा."

मी म्हणून दाखवलं. आडवे पसरायचं विसरले, तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

मग महिन्यातून एकदा मोजे दाखवायला जायचं असं ठरूनच गेलं. आमचे हे म्हणायचे, "या घरात माझ्या शर्टापेक्षा तुझ्या मोज्यांना मान जास्त आहे. मलाही एकदा टॉवेलमध्ये गुंडाळून ठेव."

हळूहळू तिच्या रागाचं मूळ कळलं. तिची थोरली बहीण एका मोठ्या खानावळीत पोळ्या लाटायची, दिवसाचे अकरा तास उभ्याने. घोट्याजवळ जखम झाली. ती भरली, मोजे आले. आणि धाकटीने, म्हणजे हिनेच, ते स्वच्छ निघावेत म्हणून रोज उकळत्या पाण्यात घातले. जखम पुन्हा उघडली आणि पुढे तीन वर्षं भरली नाही. "तीन वर्षं पट्टी बांधली मी तिला," ती म्हणाली. "मला तेव्हा कोणी चार शब्द सुनावले असते तर?" आणि लगेच दारातून आत येणाऱ्या माणसाकडे वळून ओरडली, "अंगठी काढा आधी!"

दुकानासमोर सलून होतं. सलूनवाले काका साठीचे, अगदी हळू बोलणारे. त्यांच्याही घोट्याजवळ जखम झाली होती आणि सात महिन्यांनी भरली होती. मोजे सुटले तर ती पुन्हा उघडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उभं राहण्यावाचून त्यांचा धंदा नव्हता. खुर्ची गिऱ्हाइकाची असते. सलून बंद केलं की मोरीत उकिडवे बसून ते स्वतः मोजे धुवायचे, बायकोलाही हात लावू द्यायचे नाहीत.

एका दुपारी मी तिथे असताना ते आले आणि त्यांनी मोजे काउंटरवर ठेवले. "सैल वाटतायत हो ताई. दीडच महिना झाला."

मापवालीने मोजा ताणला. तो ताणला गेला आणि तसाच राहिला.

"गरम पाणी," ती म्हणाली.

"नाही हो. तुम्ही सांगितलं तसंच..."

"मशीनमध्ये टाकले असतील."

"घरात मशीनच नाही."

"मग हिटरवर वाळवलेत! धागा शिजलाय हा, मला दिसतंय ना. काका, माझ्याशी खोटं बोलून काय मिळणार तुम्हाला? पाय तुमचा आहे."

काकांनी मोजे उचलले, नीट घडी घातली, खिशात ठेवले आणि रस्ता ओलांडून गेले. दुकानात बसलेल्यांपैकी एकजण त्यांच्याकडेच दाढी करायचा. मला ते आवडलं नाही, पण मी गप्प बसले. इतके दिवस तिचं चुकलेलं मी पाहिलं नव्हतं.

काका पुन्हा आले नाहीत. नवी जोडीही नेली नाही. लाजेने तेच ढिले मोजे घालून उभे राहत होते, हे मागाहून कळलं. महिन्याभरात सलूनचं शटर खाली आलं. आमचे हे वाढलेले केस घेऊन परत आले आणि म्हणाले, "त्याची जखम उघडलीय. काकू म्हणाल्या, पाय उशीवरून खाली घेता येत नाही."

मी मापवालीला सांगितलं. ती काकांवरच चिडली. "बघा! सांगून सांगून घसा कोरडा पडतो, आणि माणसं..." पण त्या दिवशी माप घेताना ती दोनदा आकडा चुकली.

पुढच्या आठवड्यात माझीच जोडी ढिली पडली. ती घेऊन अकरा आठवडे झाले होते. मला आश्चर्यापेक्षा भीतीच जास्त वाटली. मोजे काउंटरवर ठेवून मी उभी राहिले, गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी.

तिने ते उलटे केले, ताणले, उजेडात धरले, वास घेतला. पुन्हा ताणले.

"तुम्ही गरम पाण्यात घातले नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

"मला माहितीये तुम्ही कसे धुता." तिने मोजे खाली ठेवले. "तुमचे आणि काकांचे एकाच दिवशी काढले होते. वरून."

वर म्हणजे मागच्या खोलीवरचा माळा. ती शिडी चढून गेली. थोड्या वेळाने वरून हाक आली, "बाई, चढवेल का? या जरा."

माझे पाय तसे, पण चढले. मोज्यांची खोकी पलीकडच्या भिंतीला छतापर्यंत लावलेली होती. तिने माझा हात धरून दोन खोक्यांच्या फटीतून भिंतीला लावला. मी हात झटकन मागे घेतला. भिंतीपलीकडे बेकरी होती, आणि तिची भट्टी बरोबर तिथेच.

"दीड वर्ष," ती म्हणाली. "पूर्वी खोकी खाली असायची. चाकाच्या खुर्च्यांना जागा हवी म्हणून मालकांनी वर टाकली. गिऱ्हाईक असलं की मी काउंटर सोडत नाही, खोकं तेच काढून देतात. नवा मोजा हातात घट्टच लागतो हो. धागा आतून वाळलेला असतो, महिनाभर ओढ बसली की मरतो." मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "काका खरं बोलत होते."

खाली आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा होता. मालक गल्ल्याजवळ पेपर वाचत होते. गोड माणूस, कधी आवाज चढवायचा नाही.

"वरचा माल भट्टीला टेकलाय," ती म्हणाली.

"हो ना, जागाच नाही बघा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अहो, भिंत जरा कोमट लागते. त्यात काय एवढं!"

"लोक ढिले मोजे परत घेऊन येतायत. दीड वर्ष! मी त्यांना शिव्या घालतेय!"

मालक हसले. खरंच प्रेमाने हसले. "तेच तर. तुमच्यासारखी बाई काउंटरला असल्यावर मला काय काळजी? परत करायला आलेला माणूस तुमची माफी मागून नवी जोडी घेऊन जातो."

मी स्वभावाने रागीट नाही. पोरांवर हात उगारल्याचं मला आठवत नाही. पण त्या हसण्यावर मला राहवलं नाही. मी म्हणाले, "माझ्या वर्गात असतात तर दिवसभर बाकावर उभं केलं असतं तुम्हाला. मोज्यांशिवाय." ते त्यावरही हसले.

मापवाली हसली नाही, ओरडलीही नाही. काउंटरवरचा जाड काळा पेन घेतला आणि पुन्हा शिडी चढली. एकेक खोकं पुढे ओढायची, त्यावर मोठ्या अक्षरांत 'भाजलेले' असं लिहायची आणि खाली फेकायची. खोकी दुकानभर आपटत होती. मालक खालून "अहो, अहो" करत होते. मग "अगं" झालं, आणि शेवटी "चालती हो". ती सगळी खोकी संपवूनच उतरली. टेप गळ्यात होतीच. पेन जागेवर ठेवला आणि बाहेर पडली.

मी मागोमाग गेले. ती सरळ सलूनच्या मागे, काकांच्या घराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"आता काय सांगायचं राहिलंय?" काकू म्हणाल्या. "पाणी किती गरम होतं ते?"

"काकू, माझं चुकलं. मोजे दुकानातच खराब झाले होते. काकांनी नीटच धुतले होते."

आत काका पडून होते, पाय उशीवर. पट्टी कोणीतरी घाईने गुंडाळलेली होती, वरून घट्ट आणि घोट्याशी सैल, म्हणजे नेमकी उलटी. मापवालीचे हात पुढे झाले आणि थांबले.

काकांनी छताकडे बघत सांगितलं, नेहमीच्याच हळू आवाजात, "त्या दिवशी माझं एक गिऱ्हाईक बसलं होतं तिथे. चाळीस वर्षं लोकांच्या गळ्यावर वस्तरा चालवतोय मी. कोणी मला खोटा म्हटलं नव्हतं."

"मला बोला काय ते. चार शिव्या द्या."

"मला नाही येत ते. तुम्हाला येतं." मग म्हणाले, "पट्टी बांधायची असेल तर बांधा. बोलू नका."

तिने बांधली. बोटांपासून वर, तळाशी घट्ट, वर जाताना सैल होत जाणारी, एकही सुरकुती नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आली. त्यानंतर रोज. काकू दार उघडायच्या, ही हात धुवायची, पट्टी सोडायची, जखम पुसायची, बांधायची, जायची. ओठ घट्ट मिटलेले. जिचं तोंड क्षणभर बंद नसायचं, तिला असं गप्प बघून मीच काकूंशी काहीबाही बोलत राहायचे. माफ केलं असं काकांनी कधी म्हटलं नाही. दोन महिन्यांनी एकदा एवढंच म्हणाले, "टाचेजवळ जरा सैल आहे." तिने टाचेजवळ आवळलं.

या काळात नोकरी नव्हती. बहिणीच्या घरी राहायची, लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची. त्या दुकानात मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. ओळखीच्या प्रत्येकाला मात्र ती भिंत कशी आहे ते सांगितलं.

जखम भरायला पाच महिने लागले. तपासणीला गेल्यावर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडता सोडता विचारलं, "ही कोण बांधतं?"

"एक बाई आहे," काका म्हणाले. "तोंडाने तिखट, पण हात चांगला आहे."

तिला बोलावणं आलं. सलूनचं शटर वर गेलं, पण काका आता दिवसातून चारच तास उभे राहतात; बाकीचं काम पुतण्या बघतो. मापवाली त्या दवाखान्याच्या जखमांच्या खोलीत पट्ट्या बांधते, आठवड्याचे सहा दिवस, सकाळी आठ ते चार.