चिंचेनं घासलेलं रोमन नाणं

शारजाच्या आमच्या इमारतीत वसईचे एक अंकल राहतात. ते जुनी रोमन नाणी जमवतात; सोन्याची नव्हेत, बाजारात रोज हिंडलेली काशाची. किंमत विचारली तर दिरहम सांगत नाहीत. "ह्यात तेव्हा एक पाव यायचा, बाबा," म्हणतात आणि झिजलेल्या राजाच्या नाकावरून अंगठा फिरवतात.

मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी त्यांनी आपलं लाडकं, हिरवं पडलेलं नाणं दिलं. प्रोजेक्ट झाल्यावर उपकार फेडायचे म्हणून मी ते देवाच्या तांब्यासारखं चिंच-मीठ लावून लखलखीत घासलं आणि मुलीसोबत ऐटीत परत नेलं. एवढा आत्मविश्वास मला ऑफिसातही नसतो.

त्यांचा अंगठा हवेतच थांबला. मग हळूच म्हणाले, "दोन हजार वर्षांचा रंग होता रे तो."

धरणीनं पोटात घ्यावं म्हटलं, तर आम्ही चौदाव्या मजल्यावर.

अंकलनी कपाटातून दुसरं हिरवं नाणं काढलं आणि मुलीच्या हातात ठेवलं. "हे तुझंच हां, बाय. फक्त पप्पांच्या हाती देऊ नको."

"प्रॉमिस, अंकल!"

लिफ्टमध्ये मी म्हटलं, "बघू जरा." तिनं मूठ पाठीमागे नेली.