पाणी कधी सुटतं

धबधब्याचं खूळ आक्काच्या डोक्यात माझ्याच फोनमुळे शिरलं. मी परभणीत शिक्षिका आहे आणि आमच्या शाळेतल्या सात-आठ जणांचा डोंगर चढणारा एक गट आहे. गट म्हणजे काय, तर सुट्टीच्या दिवशी एकसारखे टी-शर्ट घालून कुठल्यातरी टेकडीवर जायचं आणि जितका वेळ चालायचं त्याच्या दुप्पट वेळ फोटो काढायचे. मी त्यांना मनातल्या मनात नावं ठेवते आणि दर वेळी जायला सगळ्यात आधी तयार असते. असा माझा स्वभाव.

आक्का माझी थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी. गेल्या वर्षी भादव्यात गुडघे दाखवायला माझ्याकडे आली होती. मी पोळ्या लाटत होते आणि ती ओट्याशेजारी बसून माझ्या फोनवर काहीबाही बघत होती. एकदम तिचा आवाज बंद झाला. वळून पाहिलं तर एका काळ्या कड्यावरून पडणारं पाणी ती पुन्हा पुन्हा लावून बघत होती.

"ह्ये खरं हाय का गं? का नुसतं दाखवायलेत?"

"खरं आहे. जिंतूरच्या पुढं डोंगर लागतात ना, तिथल्या अभयारण्यातलं आहे. आम्ही रविवारी तिथंच चाललोय."

"आन् त्येच्या खाली हुबं ऱ्हाता येतंय?"

"येतं की."

"डोक्यावर पडतंय?"

"डोक्यावर, अंगावर, सगळीकडं पडतं. का गं?"

तिनं फोन ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "मला एकडाव न्हे बारके. डोक्यावर पाणी लय वाह्यलं मी. एकदा नुसतं पडू दे."

बारकी म्हणजे मी. अजूनही तिच्यासाठी मी बारकीच आहे, माझे केस पिकले तरी.

तिनं किती पाणी वाहिलं हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. आमचं गाव वालूरच्या बाजूला. गावाबाहेर एक जुनी बारव, तिच्या पायऱ्या उतरून पाणी भरायचं आणि तेवढ्याच पायऱ्या चढून घरी आणायचं. आईची कंबर धरली तेव्हा आता पाणी कोण भरणार असा प्रश्न निघाला. आक्का सातवीत होती, मी पहिलीत. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आक्काचं दप्तर खुंटीला लावलं. त्यांना दोघींपैकी मी हुशार वाटले असं काही नव्हतं, वर्गात पहिली यायची ती आक्का. मला फक्त हंडा उचलवत नव्हता. हंडा उचलवेना म्हणून मी शिकले आणि आज लोक मला मॅडम म्हणतात.

तिला त्यातून एकच विद्या मिळाली. पाणी जिभेवर ठेवलं की ते कुठलं आहे हे ती सांगायची. बारवेचं, आडाचं, ओढ्याच्या झऱ्याचं. बारवेचं गोड, आडाचं जड, त्यात डाळ शिजायची नाही. आम्ही भावंडं तिचे डोळे बांधून पेले पुढं करायचो, ती कधी चुकली नाही. शेजारच्या बाया नव्या विहिरीला पाणी लागलं की तिला चाखायला बोलवायच्या.

लग्न होऊन ती पोखर्णीच्या पलीकडच्या एका गावात गेली. ते गाव कॅनॉलच्या अगदी शेवटाला, ज्याला सगळे टेल म्हणतात. तिथं वरच्या गावांचं भागलं की उरलंसुरलं पाणी येतं, ते पण पाटकऱ्यानं, म्हणजे पाणी सोडणाऱ्या सरकारी माणसानं, दार उघडलं तर. आमच्या जिल्ह्यात पाणी वाहत नाही, सुटतं. कॅनॉलला सुटतं, नळाला सुटतं. कुणीतरी सोडलं तर येतं आणि त्यानं बंद केलं की जातं. पाहुणा घरात आला की खुशाली विचारायच्या आधी 'तुमच्याकडं पाणी सुटलं का' हे विचारतात. हे शब्द मीही रोज वापरते. माझ्या कॉलनीत नळ सुटला की मी शाळेला उशिरा जाते.

तर रविवारी आक्का आमच्या गटाबरोबर निघाली. धुवट सुती लुगडं, पायात साध्या चपला, पिशवीत भाकरी, ठेचा, बदलायला एक लुगडं आणि घासूनपुसून घेतलेली दोन लिटरची रिकामी बाटली. धबधब्याचं पाणी तिला देवाला घालायचं होतं आणि गल्लीतल्या बायांना घोटघोट द्यायचं होतं. गाडीत सगळे तिच्याशी नीटच वागले. तिच्या भाकरी सगळ्यांनी खाल्ल्या. मी मात्र तिच्या लुगड्याकडे आणि चपलांकडे बघत होते आणि मला लाज वाटत होती, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

अभयारण्याच्या फाटकापाशी खाकी कपड्यातला वनरक्षक आमची नावं लिहून घेत होता. आक्का पदर सावरून त्याच्यासमोर गेली आणि तिनं अदबीनं विचारलं, "दादा, इथलं पाणी कधी सुटतंय? आमी पोचूस्तोर बंद तर करणार न्हाई ना तुमी?"

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग सगळ्यांना हसू फुटलं. आमच्या गटाचे म्होरके, विज्ञान शिकवणारे सर, पोट धरून म्हणाले, "अहो आक्का, तो धबधबा आहे. त्याला वॉलमन नसतो!" पुन्हा हशा. खाकीतल्या माणसाला ती पाटकरी समजली होती. जन्मभर पाण्याच्या तोंडाशी तिला कुठला ना कुठला सरकारी माणूसच उभा दिसला, त्याला ती काय करणार? पण हे मला आज सुचतंय. तेव्हा मी हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसले, कारण ती माझी बहीण आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आक्काही पदर तोंडाला लावून हसली. "मला काय ठावं माय," म्हणाली.

न हसलेला एकटा तो वनरक्षक. तो म्हणाला, "न्हाई बंद होत मावशी, जावा तुमी."

मग वाटभर तेच चाललं. दगडातून जरा ओल झिरपताना दिसली की कुणीतरी ओरडायचं, "पाणी सुटलं!" आणि बाकीचे हसायचे. आमच्या गटाचं फोनवरचं नावसुद्धा आता तेच आहे. मी अजून त्या गटात आहे.

आक्का मागं पडत गेली. अर्ध्या वाटेवर दगडी चढण लागली तिथं एका मोहाच्या झाडाखाली ती बसली. गुडघा धरून म्हणाली, "जरा दम खाऊ द्या. येते मी सावकाश." सरांनी घड्याळ पाहिलं. वनरक्षक आमच्याबरोबर तिथवर आला होता. तो मला म्हणाला, "मॅडम, हळूहळू नेलं तर तासाभरात पोचतील त्या. टाइम हाय, फाटक पाचला लागतंय."

मी म्हणाले, "नको, तिचे गुडघे फार खराब आहेत. उगाच वाढायचं दुखणं."

मी काळजीपोटी बोलतेय असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टरांनी तर तिला चालत राहा म्हणून सांगितलं होतं आणि तेव्हा मी तिच्या शेजारीच बसले होते. खरं असं की मला मागं राहायचं नव्हतं. एक तास तिच्या चालीनं चालायचं, पुढून येणारा हशा ऐकायचा आणि त्या हशात आपण नाही, हे मला सहन होणार नव्हतं. एक तास फक्त. तिनं माझ्यासाठी किती तास पायऱ्या चढल्या त्याचा विचार माझ्या मनात आला नाही असंही नाही. आला, आणि मी चालू लागले.

आक्कानं हट्ट केला नाही. हट्ट तिनं कधी केलाच नव्हता, खुंटीवरच्या दप्तरासाठीही नाही. पिशवीतून बाटली काढून माझ्या हातात दिली. "मग येवढी भरून आण बारके. धारंखालचीच आण बरं."

धबधबा चांगला होता. चांगला होता असं लिहितानाही मला राग येतो, पण होता. कडा उंच, पाणी पांढरं, खाली गुडघाभर डोह. मी धारेखाली उभी राहिले. डोक्यावर, पाठीवर पाणी असं बदाबदा पडत होतं की दुसरं काही ऐकूच येईना. मी लहान मुलीसारखी ओरडत होते. आम्ही तिथं एका तासाहून जास्त वेळ घालवला. तेवढ्या वेळात आक्का नक्की पोचली असती.

बाटली माझ्या सॅकमध्येच राहिली. मुद्दाम नाही, विसरलेच.

परत येताना मोहाच्या झाडाखाली आक्का नव्हती. वनरक्षकानं तिला हाताला धरून सावकाश खाली फाटकाशी नेऊन बसवलं होतं. फाटक दिसायला लागलं, बाकावर बसलेलं तिचं लुगडं दिसलं आणि मला बाटली आठवली. तिनं मला अजून पाहिलं नव्हतं. संडासाच्या मागच्या बाजूला पाण्याची टाकी होती, तिला तोटी होती. मी तिकडून वळसा घेतला, बाटली काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं आणि तिच्यासमोर जाऊन धरली.

"धारेखालचं?" तिनं विचारलं.

"धारेखालचं."

तिनं बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. परभणी येईपर्यंत ती मांडीवर धरून बसली. एका वळणावर मी म्हणाले, खाली ठेव गं. ती म्हणाली, सांडंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. आक्कानं अंघोळ करून देवापुढं दिवा लावला, बाटलीतलं पाणी तांब्यात ओतलं, देवाला घातलं आणि तीर्थ म्हणून तळहातावर घेऊन तोंडात टाकलं. मग ती तशीच थांबली. लहानपणी पेले पुढं केल्यावर थांबायची तशी, जीभ टाळ्याला लावून. मला ते थांबणं ओळखू आलं. हातातली पोळी डब्यात न ठेवता मी उभी राहिले.

तिनं घोट गिळला.

"बोअरचं हाय," ती म्हणाली.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. वनखातंच धबधब्यात बोअरचं पाणी सोडतं म्हणून त्याला शिव्या घालता आल्या असत्या, खरं सांगता आलं असतं. मी पोळी डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. उंबऱ्याच्या बाहेर माझे कालचे बूट वाळत घातले होते, अजून ओले, आणि शेजारी धारेखाली भिजलेला टी-शर्ट. आक्कानं ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती बोलेल. सातवीपासूनचं सगळं बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिनं तांब्या देवापुढं ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आसू दे बारके. काल सुटलं नसंल तिथं पाणी."