झॅकियसला लग्नाचं बोलावणं

ओरेस्टच्या विमानातून काय काय म्हणून जात नसे! पिठाची पोती, चुली, पाद्री, अवघडलेल्या बायका, एकदा तर विमानाखालच्या फ्लोटच्या दांड्यांना बांधून आंघोळीचा टबसुद्धा गेला. कॅनडातल्या मॅनिटोबाच्या त्या उत्तरेला रस्ता नावाची गोष्टच नव्हती. तळी होती आणि तळ्यांवर उतरणारा ओरेस्ट होता. बर्फ वितळलं की तो विमानाच्या बर्फावर घसरायच्या पट्ट्या काढून पाण्यावर तरंगायचे फ्लोट चढवी, आणि पाणी पुन्हा गोठेपर्यंत पायातले रबरी बूट उतरवत नसे.

सामान पोचवणं त्याला जमे. गोची होई ती लोकांच्या निरोपांची.

लव्हाळ्याच्या तळ्यावर फ्लोरा आजी राहायची आणि दोन बेटांच्या तळ्यावर तिचा भाऊ झॅकियस. दोघंही तिथल्या क्री जमातीची, दोघंही सत्तरीची, दोघांचीही जीभ वस्तऱ्यासारखी. झॅकियसच्या कुत्र्यांनी कधीकाळी फ्लोराचे धुरावर वाळवलेले मासे फस्त केले होते. तेव्हापासून दोघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हती.

"त्या म्हाताऱ्या साळिंदराला सांग," फ्लोरा धक्क्यावरून फर्मावी, "कुत्री तर मेली, आता तुझा नंबर कधी?"

ओरेस्ट पडला भिडस्त. झाडांवरून आणि तळ्यांवरून जाता जाता ते वाक्य तो मनातल्या मनात घासत राही. उतरेपर्यंत त्याचे काटे गेलेले असत.

"आजी तुमच्या तब्येतीची चौकशी करत होत्या," तो झॅकियसला सांगे. "कुत्र्यांचीसुद्धा."

"फ्लोरा? माझी?" झॅकियस डोळे बारीक करी. "तिला म्हणावं, तुझ्या हातचा बॅनॉक-पाव खाऊनच माझे दात पडले. नाहीतर आलो असतो चावायला!"

आणि फ्लोराला कळे, की भावाला तिच्या हातच्या बॅनॉकची फार आठवण येते.

असं बरीच वर्षं चाललं. आपण पुण्याचं काम करतोय, असं ओरेस्टला वाटे. मग फ्लोराच्या नातीचं लग्न ठरलं.

"कळव त्याला," फ्लोरा म्हणाली. "लग्न आहे, सगळं गाव जेवणार आहे. आणि त्याला बोलावलेलं नाही, हे मुद्दाम सांग."

ओरेस्टने एवढंच सांगितलं, की लग्न आहे, सगळं गाव जेवणार आहे, आजींनी मुद्दाम कळवलंय.

लग्नाच्या सकाळी तो दोन बेटांच्या तळ्यावर रॉकेल टाकायला उतरला, तर धक्क्यावर झॅकियस उभा! अंगात मण्यांचं जाकीट, केस चापून बसवलेले, पायाशी अर्धा मूस, म्हणजे तिकडचं दांडगं हरीण, कापडात गुंडाळलेला.

"चल," झॅकियस म्हणाला.

ओरेस्टने आभाळाकडे पाहिलं. "आजोबा, वारा फार आहे."

"पान हलत नाहीये."

"इंजिन खोकतंय."

"मीही खोकतो. मी थांबलोय का?"

लव्हाळ्याच्या तळ्यावर ओरेस्टने उगाचच दोन घिरट्या घातल्या. तिसरीला झॅकियसने त्याच्या दंडावर टिचकी मारली. "सापडत नाही का रे? ते काय धुराडं, माझ्या बहिणीचं."

विमान धक्क्याला लागलं. फ्लोरा कमरेवर हात ठेवून उभीच होती.

"याला कुणी बोलावलं?"

"तूच की!"

दोघांनी वळून ओरेस्टकडे पाहिलं. तो दोर हातात धरून फ्लोटवर उभा होता. पळायला पाण्याशिवाय जागा नव्हती.

"मी... जरा मऊ करून सांगत होतो," तो पुटपुटला.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे साळिंदर पोचलंच नाही?" फ्लोराचा आवाज चढला. "गाढवा, हिवाळाभर डोकं खाजवून काढलं होतं ते!"

"आणि माझे दात?" झॅकियस ओरडला.

"कसले दात?"

झॅकियसने तिथल्या तिथे दातांचं सांगितलं. फ्लोराने ओठ घट्ट मिटून धरले, पण खांदे ऐकेनात. शेवटी हसता हसता ती धक्क्यावर बसलीच. मग तिने आपले टोमणे सुरू केले. इतक्या वर्षांचा साठा दोन्हीकडून बाहेर पडू लागला, तशी वऱ्हाडी मंडळी नवरानवरी सोडून धक्क्यावर जमली. कुणीतरी मूस उचलून चुलीकडे नेला.

ओरेस्ट हळूच दोर सोडायला वाकला.

"कुठे निघालास?" फ्लोरा गरजली. "आत जा, बटाटे सोल!"

आत बायका वाटच पाहत होत्या. "माझ्या सासूला काय सांगितलंस रे?" एकीने विचारलं. "आणि माझ्या नवऱ्याला?" दुसरी म्हणाली. ओरेस्टने मान खाली घालून टोपलीभर बटाटे सोलले.

लग्नापुरता आलेला झॅकियस बर्फ धरायच्या बेताला परतला. ओरेस्ट त्याला न्यायला गेला, तेव्हा बहीणभाऊ धक्क्यावर माशांवरून भांडत होते. त्याने इंजिन बंद केलं आणि फ्लोटवर बसून चहाची बाटली उघडली.