टाकीतलं पाणी

खरं सांगायचं तर मला त्या टाकीची पहिल्या दिवसापासून धास्तीच होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मद्रासचं चेन्नई व्हायच्या आधीची. आम्ही मिरजेहून येऊन मद्रासजवळच्या आवडी नावाच्या गावी क्वार्टर्समध्ये राहत होतो. ह्यांची नोकरी कारखान्यात, पत्र्याच्या कामावर. आठवडाभर पत्रा ठोकून मन भरत नव्हतं की काय कोण जाणे, रविवारी गच्चीवर आणखी पत्रा ठोकत बसायचे. मोटरसायकलच्या टाकीत पेट्रोल कमी मावतं, तर दुप्पट मोठी टाकी घरीच बनवायची आणि गाडीवरून थेट मिरजेला जायचं, असा बेत. "आगगाड्या काय बंद पडल्यात?" असं मी विचारलं की नुसते हसायचे. नसती उठाठेव, दुसरं काय!

त्यात पाण्याची मारामार. त्या उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड करंगळीएवढी धार. बाकी सगळं हातपंपावर. तिथं प्लास्टिकच्या कळशांची रांग लागायची, त्यांना तिकडे कुडम म्हणतात. तमिळ मला भांडणापुरतं येऊ लागलं ते त्या रांगेतच. आमच्या घरात तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला आणि कपड्यांचं पाणी संडासात. थेंब फुकट गेला तर माझं डोकं फिरायचं.

टाकी गळते का ते बघायला हे तिच्यात पाणी भरून ठेवायचे. पहिल्याच वेळी मी असा काही तमाशा केला की तेव्हापासून नियमच पडला. तासाभरात ठिपका पडला नाही की हे म्हणायचे, "घे बाई तुझं पाणी परत." मी टाकी बादलीत रिकामी करायची आणि होती तशी ठेवायची. असं चार-पाचदा तरी झालं.

टाकी गाडीवर चढली, पेट्रोल भरलं, आठवडाभर कारखान्यात जाऊन-येऊन झालं. मग तळाच्या सांध्यातून पेट्रोल पाझरायला लागलं. म्हणजे सांधा तापवून पुन्हा झाळ द्यायची. रविवारी सकाळी ह्यांनी टाकी उतरवली, पेट्रोल काढलं, गच्चीवर दोन विटांवर ती पालथी ठेवली, तळाला पेट्रोलची नळी बसते त्या भोकातून पाणी भरलं आणि ओळखीच्या वर्कशॉपमधून गॅसचा टॉर्च आणायला गेले.

मी पापड वाळत घालायला गच्चीवर गेले तर टाकी भरलेली, खाली विटा कोरड्या. म्हटलं, झाली परीक्षा. उचलली, बादलीत ओतली, पुन्हा पालथी ठेवून दिली. पाण्याला पेट्रोलचा वास होता, पण संडासाला काय वासाचं कौतुक! बादली खाली न्हाणीघरात नेऊन ठेवली.

हे परत आले ते सिलिंडर खांद्यावर घेऊन. मी लाटणं हातात घेऊनच दारात आले.

"अहो, त्यात पेट्रोल होतं ना काल? भडका नाही ना व्हायचा?"

"अगं, काठोकाठ पाणी भरलंय आत. पेट्रोलच्या वाफेला जागाच ठेवली नाही. पाणी नसतं तर बॉम्बच होता तो!" असं म्हणून हसत जिना चढले सुद्धा.

मी पोळी लाटत होते. अर्धी पोळी लाटून झाली आणि मग ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. पाणी. काठोकाठ. देवा रे!

न्हाणीघरात धावले, ती बादली उचलली. का उचलली ते आजही सांगता येत नाही. पाणी परत द्यायला निघाले होते बहुतेक. जिन्यात असताना वरून 'फट्' असा आवाज आला आणि मला वाटलं, संपलं. मग टॉर्चची घरघर ऐकू आली. अजून फक्त पेटवला होता. उरलेल्या पायऱ्या कशा चढले ते मला आठवत नाही.

हे पाठमोरे बसलेले, डोळ्यांना काळा चष्मा. निळी ज्योत टाकीपासून वीतभर लांब, हळूहळू जवळ जात होती. मी "अहो! अहो!" करून किंचाळले, पण त्या घरघरीत काही ऐकू जाईना. मग अख्खी बादली टॉर्चवर आणि ह्यांच्या अंगावर रिकामी केली.

ज्योत विझली. हे ताडकन उठले, गॅस बंद केला. "वेड लागलंय का तुला? पाणी कुठं..."

मी टाकीकडे बोट दाखवलं. ह्यांनी टिचकी मारली. टण्ण. आतून अगदी रिकामी वाजली.

हे तिथंच ओल्या गच्चीवर खाली बसले. चेहरा पांढराफटक. मी रडत, ओरडत सगळं एकदम बोलून टाकलं, की मीच ओतलं, मला काय माहीत, मला कधी कुणी सांगितलं होतं का, आग लागो तुमच्या मिरजेला! मला वाटलं, आता हे मारतील तरी नाहीतर महिनाभर बोलणार नाहीत. पण म्हणाले, "खात्यात नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हे सांगतो मी. घरात तुला सांगायचं सुचलं नाही."

घरात प्यायच्या पाण्यापलीकडे थेंब नव्हता. हे दोन कुडम घेऊन स्वतः पंपावर गेले. बायकांच्या रांगेत, भिजलेल्या कपड्यांनी, तासभर उभे राहिले. अशी वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. येऊन टाकी भरली. मी जिन्यातच थांबले होते, गच्चीवर पाऊल टाकायची हिंमत नव्हती. ह्यांनी टॉर्च हातात घेतला, पण पेटवला नाही.

"इकडे ये," म्हणाले. "तू बोट घालून बघ. तू सांगितल्याशिवाय मी पेटवणार नाही."

मी गेले. भोकात बोट घातलं. टोकाला गार पाणी लागलं.

"आहे," मी म्हटलं, आणि बोट काही बाहेर काढेना.