चारचा आकडा

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आणि आमच्या घरात तिला ठाऊक नसलेलं काही असणं म्हणजे नवलच समजा. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीटसं कळलेलं नाही. तुम्ही घोडेगावचे नाही, माझ्या दुकानात कधी येणार नाही — म्हणून असेल कदाचित.

आधी मी कसा माणूस आहे ते ऐका. मी संशयी आहे. गमतीने नाही म्हणत, खरोखरचा संशयी. एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. आजोबा राजस्थानातून इथे येऊन किराणा विकू लागले, वडिलांनी वह्या-पुस्तकं ठेवली, मी मशिनं आणली. तिघांचीही एक खोड सारखी — समोरचा हसला की आम्ही आधी त्याचे हात बघतो. लोक ताक फुंकून पितात, मी पाणीसुद्धा फुंकून पितो. गिऱ्हाइकाला मी माझा व्हॉट्सअ‍ॅप नंबर देत नाही. का द्यायचा? उद्या माझ्या नावावर कोण काय खपवेल, कुणी सांगावं?

आणि छोट्या लिंका म्हटलं की माझं कीर्तनच सुरू व्हायचं. कुणी मोबाइल पुढे केला, "शेठ, ही दाबू का?" की मी दोन्ही हात वर करायचो. लांबलचक लिंक असली तर निदान दारावरची पाटी तरी वाचता येते, घर कुणाचं ते कळतं. छोटी लिंक म्हणजे बंद पाकीट. आत फॉर्म आहे की साप, ते फोडल्यावरच कळायचं. लोक हसायचे. "शेठ, तुमाला देवाच्या परसादातबी काय तरी दिसतं राव!" म्हणायचे. दिसायचंच मला.

पण मी स्वतः? मी रोज छोट्या लिंका बनवायचो. इलाजच नव्हता. फॉर्मची मूळ लिंक दीड-दोन ओळींची, मध्ये टक्क्याची चिन्हं, आडव्या रेघा, काय नि काय. डोंगरातल्या माणसाने ती कागदावर उतरवून नेली आणि एक खूण सुटली, की गेलं सगळं मुसळ केरात. छोटी केली की मोजकी अक्षरं उरतात, तळहातावर पेनाने लिहून नेता येतात. शिवाय ती लिंक किती जणांनी उघडली तो आकडा मला दुकानात बसून दिसतो. तो बघायला मला फार आवडायचं. संशयी माणसाला आणखी काय हवं?

बघा, अजून मी मुद्द्यावर येत नाहीये. येतो.

तळेघरच्या पलीकडच्या एका वाडीत सुनंदा नावाची बाई राहते. घरची भाताची आणि नाचणीची शेती. तेव्हा ती वाडीतल्या बचत गटाची सचिव होती. बारावी शिकलेली, आणि फोनवर फॉर्म भरता येणारी वाडीतली एकटीच. पाच वर्षांपूर्वी, दहावीचा निकाल लागल्यावर, ती माझ्याकडे आली. वाडीतल्या सहा मुली पास झाल्या होत्या. अकरावीला घोडेगावात यायचं तर वसतिगृहात जागा मिळायला हवी, कारण तिकडून रोज ये-जा करण्याइतक्या एसट्याच नाहीत. सहांतली एक सुनंदाची मुलगी, मनीषा.

त्या दिवशी फॉर्मची साइट बंद पडली होती. सुनंदा दुकानात दोन तास बसून राहिली. परतीची एसटी लागली तशी उठली आणि म्हणाली, "भाऊ, लिंक तेवढी माझ्या फोनवर पाठवा. वाडीच्या वर टेपाडावर रेंज येती, तिथनं भरतो आमी."

पाठवता आली असती. एका बोटाचं काम होतं. पण मग माझा नंबर तिच्याकडे गेला असता, आणि नंबर द्यायचा नाही हा माझा नेम. म्हणून मी एक पुठ्ठा घेतला, लिंक छोटी केली आणि मार्करने ठसठशीत लिहून दिली. समाजमंदिराच्या दाराला लावा म्हटलं, सगळ्यांना उपयोगी पडेल. स्वतःच्या अक्षरावर खूशही झालो.

लिंकच्या शेवटी इंग्रजी के होता, मग चार, मग आर. अक्षरं मी इंग्रजी लिहिली, आणि चारचा आकडा लिहिला मराठी. जन्मभर दुकानाच्या पाट्या मराठी आकड्यांत रंगवल्या, हात आपोआप तिकडे वळला. त्यात माझ्या चारची वरची दोन्ही टोकं एकमेकांना चिकटतात, शाळेत मास्तर त्यावरून ओरडायचे. इंग्रजी अक्षरांच्या मधोमध बसलेला तसला चार कुणीही इंग्रजी आठच वाचणार. तुम्हीसुद्धा वाचला असता.

सुनंदाने आठ वाचला.

टेपाडावर मुली होत्या, त्यांच्या आया होत्या, सुनंदाचे सासरे होते. पुठ्ठा समोर धरून तिने एकेक अक्षर टाकलं. आठवाली लिंकही जगात कुणीतरी, कशासाठी तरी बनवून ठेवलेली होतीच. उघडली ती नागडी चित्रं. हलणारी, आवाजासकट. बंद करायला जावं तर एकातून दुसरं उघडत गेलं. सासऱ्यांसमोर. पोरींसमोर.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली. मागे नवरा आणि सासरे. पुठ्ठा तिने पदराखाली धरून आणला होता. "भाऊ, तुमीच सांगा ह्यांना," ती म्हणाली. "मी ह्याच्यावरचंच टाकलं व्हतं. दुसरं काय बी केलं न्हाई."

मी पुठ्ठा हातात घेतला. आणि — हे नीट ऐका, कारण इथे मी स्वतःलाही निसटू देणार नाही — मला त्याच क्षणी दिसलं. माझा चार दिसला. त्याचा आठ झालेला दिसला. खात्रीसाठी मी कॉम्प्युटरवर माझ्या लिंकचा आकडा पाहिला. शून्य. दोन दिवसांत त्या लिंकवर एकही माणूस गेला नव्हता. म्हणजे बाई खरं बोलत होती, आणि त्याचा पुरावा माझ्यापुढे उजळलेला होता. स्क्रीन माझ्याकडे तोंड करून होती. त्यांना काही दिसत नव्हतं.

मी काय केलं?

मी बरोबर लिंक टाकली, फॉर्म उघडला आणि मगच स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "बघा," म्हणालो, "माझी लिंक ही." सासऱ्यांनी मान हलवली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी — नाही, ते जाऊ द्या. थांबलो नाही. सुनंदाकडे बघून, अगदी समजावणीच्या सुरात मी म्हणालो, "ताई, फोनवर याच्या आधी काय काय उघडलेलं होतं? असलं आपोआप येत नाही. ज्या फोनला सवय असते त्यातच येतं."

हे खोटं होतं. खोटं आहे हे मला बोलतानाच माहीत होतं, आणि ते दोघं माझ्यावर विश्वास ठेवणार हेही माहीत होतं. लिंकांच्या बाबतीत शेठपेक्षा शहाणा कोण? वड्याचं तेल वांग्यावर काढणं याला म्हणतात. मी ते काढलं, एका बाईच्या अब्रूवर.

मग मी नवा पुठ्ठा लिहून दिला. या वेळी इंग्रजी चार काढला, वळण सांभाळून. "जुना फाटलाय," असं म्हणून तो काउंटरखाली टाकला आणि ते गेल्यावर त्याचे तुकडे केले. फाटलेला नव्हता तो.

नवा पुठ्ठा सुनंदाने घेतला आणि बघितला. जरा जास्तच वेळ बघितला — की मला तसं वाटलं? पाच वर्षं मी हे चघळतोय. तिला कळलं होतं का? कळलं असेल तर बोलली का नाही? नवऱ्यासमोर एकदा खोटी ठरलेली बाई परत काय बोलणार, असंही मग मनात येतं. ती दुकानात आली की मी अजून तिच्या डोळ्यांकडे बघतो, काही दडवलंय का ते शोधतो. दडवलंय मी, आणि झडती तिची घेतो.

पुढे काय झालं तेही सांगतो. नवऱ्याने फोन काढून घेतला. गटाच्या बायकांनी सचिवपद काढून घेतलं. पाच मुलींचे अर्ज शेजारच्या गावातल्या गुरुजींनी नव्या पुठ्ठ्यावरून भरले, पाचहीजणींना जागा मिळाली. मनीषाचा अर्ज बापाने भरूच दिला नाही. आई टेपाडावर असले दिवे लावते, तर पोरगी घोडेगावात एकटी राहून काय करील, म्हणाला. हे मला वाडीतल्याच एका गिऱ्हाइकाने हसत हसत सांगितलं. मीही हसलो. अर्जाची मुदत संपायला तेव्हा अजून सहा दिवस होते. सहा दिवस! तळेघरची एसटी माझ्या दारासमोरून सुटते.

पर्युषण संपल्यावर आमच्यात सगळ्यांना हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणायची रीत आहे. कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी. मी गिऱ्हाइकांनाही म्हणतो. सुनंदालाही म्हटलंय, दोनदा, सातबाराच्या झेरॉक्स देता देता. ती "असू द्या भाऊ" म्हणून कागद मोजत राहिली. तिला कशाबद्दल ते मी सांगितलं नाही, तेव्हा तिने दिलेली क्षमा कशाची म्हणायची? ती मी धरत नाही.

मागच्या महिन्यात ती मनीषाच्या लग्नाची पत्रिका छापायला आली. पत्रिकेचा साचा माझ्याकडे तयार असतो, नावं तेवढी बदलायची. मुलाचं नाव टाकलं, त्याखाली त्याचं शिक्षण. मग "चि. सौ. कां. मनीषा" टाकलं, आणि खालच्या ओळीवर येऊन माझी बोटं थांबली. सुनंदा काउंटरवरून वाकून बघत होती.

"तिथं काय नका लिहू भाऊ," ती म्हणाली. "धाव्वीच हाय ती. बरं नाय दिसत."

त्या वेळी दुकानात आम्ही दोघंच होतो. नवरा नव्हता, सासरे नव्हते. मी ती ओळ पुसली, पत्रिका छापली, गठ्ठा बांधून तिच्या हातात दिला.

दहावीला त्या सहाजणींत सगळ्यात जास्त गुण मनीषाला होते. मला माहीत आहे. तिच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स मीच काढली होती.