मामांचे दात आणि कच्ची फाईल

पुण्याहून निघाले तेव्हा पाठीवर लॅपटॉप आणि त्यात मामांचा एकुलता एक धड फोटो. बार्शीटाकळीला त्यांची तेरवी (तेरावा दिवस) होती आणि भिंतीवर लावायला मामीकडे दुसरा नव्हता. मीच तो त्यांच्या वांग्याच्या वाडीत काढला होता. डोक्याला दुपट्टा, तोंडात एकही दात नाही आणि मामा खदाखदा हसताहेत. खरं तर मोबाइलवर पाठवून काम झालं असतं. पण आमच्या फोटो क्लबातल्या दीडशहाण्यांनी डोक्यात भरवलेलं, फोटो फक्त 'रॉ'मध्ये काढायचा, जेपीजी अडाण्यांसाठी. रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाईल. मामीच्या मोबाइलवर ती उघडेचना आणि जेपीजी करून पाठवायला माझा तोरा आड आला. डोंबलाची क्वालिटी!

अकोल्याला उतरून कचोरीने जीभ भाजून घेतली आणि स्टेशनजवळचा फोटो स्टुडिओ गाठला. मालकाचं सॉफ्टवेअर मामांहून म्हातारं, त्यालाही रॉ झेपेना. शेवटी मीच जेपीजी करून दिली, नुसती फ्रेम करा म्हणून बजावलं आणि चहाला गेले. परत येते तो मामा गोरेपान, अंगात काळा कोट, गळ्यात लाल टाय, मागे बर्फाचे डोंगर आणि तोंडात दातांची अख्खी कवळी. बर्फ! अकोल्यात!

मी भडकले, तर मालक शांतपणे म्हणाला, "मेलेल्या मानसाले कोट नाई देल्ला, तं लोकं काय म्हनतीन मॅडम?" इथे सगळ्या मयतांना तो हाच कोट चढवतो म्हणे. फ्रेम ठोकून झाली होती, बस सुटायला आली होती. ते ध्यान मांडीवर घेऊन मी बार्शीटाकळीपर्यंत मालकाला शिव्या घालत गेले.

मामीने फोटो बराच वेळ न्याहाळला. मग म्हणाली, "कोट राहू दे. आपल्या पोरीच्या, मंगीच्या लग्नात शिवून घ्याचा होता, राहूनच गेला. पन हे दात काढाले सांगजो. या दातवाल्याले मी निवद कसा दाखवू?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा अकोला. माझ्या लॅपटॉपवर कच्ची फाईल पुन्हा उघडली आणि मामांचं बोळकं तेवढं मालकाकडून कोटावर आणून बसवून घेतलं. दात बसवायला एक क्लिक लागतं, काढायला मेहनत पडते, म्हणून मालक कुरकुरत होता. मी ऐकून घेतलं नाही.

तेरवीला मामीने फोटोपुढे निवद (नैवेद्य) ठेवला. पोळी दुधात कुस्करलेली होती, मामांना चावता येत नसे म्हणून.

परतीच्या गाडीत क्लबाच्या ग्रुपवर रॉ की जेपीजी, कुठलं सॉफ्टवेअर भारी, याचा काथ्याकूट चालूच होता. बसा म्हटलं कुटत. त्यांच्या एकाही फोटोपुढे अजून कुणी पोळी कुस्करून ठेवलेली नाही.