त्या रविवारचा शब्द

नागपुरात आई आयसीयूत शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा मी परदेशात, ल्यूकन गावातल्या आमच्या घरात चहा पीत फोनवर बाबांकडून ‘लॅरिएट’ या शब्दाचं कूळ ऐकत होतो.

बाबांना शब्दांचा भारी नाद. दर रविवारी त्यांचा फोन आला की आधी एक शब्द, मग आई. त्या रविवारचा शब्द माझ्या लेकीने पुरवला होता. काऊबॉय गुरांच्या गळ्यात फेकतात त्या फासाच्या दोराला लॅरिएट का म्हणतात, असं तिने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं.

“आज व्हिडिओ नको, इथे रेंज नाही,” म्हणत बाबा सुरू झाले. स्पॅनिशमध्ये ‘रेआता’ म्हणजे जनावरं एकामागे एक बांधायचा दोर. ‘ला’ हे त्यांच्याकडे नामाआधी लागतं, इंग्रजीतल्या ‘द’सारखं. अमेरिकन गुराख्यांनी मेक्सिकन गुराख्यांकडून दोर घेतला, कसब घेतलं आणि ‘ला’सकट शब्दही गिळला. वर त्याला आपला ‘द’ लावून मोकळे झाले.

“दॅट्स ग्रँड, आजोबा!” म्हणून लेक पळाली. एरवी दहा मिनिटांत उरकणारे बाबा मात्र थांबेचनात. मध्येच गप्प व्हायचे. मी सवयीने “मग?” म्हणायचो, की पुन्हा दोर, खोगीर, मेक्सिको. शेवटी मीच घाई केली. ब्लँचर्डस्टाउनला कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस होता.

“आईशी पुढच्या रविवारी बोलतो.”

“बरं,” बाबा म्हणाले.

मंगळवारी ती गेली. मी पोचेपर्यंत अस्थीही गोळा करून झाल्या होत्या.

परदेशातल्या मुलांना आजारपण कळवायचं नाही, उगाच जीव टांगणीला लागतो त्यांचा, ही आमच्याकडची रीत. आम्हीही इथून नोकरी गेल्याचं कळवत नाही. दोन्हीकडून म्हणे माया. आग लागो असल्या मायेला!

तेरावा झाल्यावर मी बाबांवर ओरडलो. पाहुण्यांसमोर ओरडलो, याची लाज अजून वाटते.

“अर्धा तास दोर वळत बसलात! एक वाक्य सांगवलं नाही?”

बाबा चष्मा पुसत राहिले. “तिने शपथ घातली होती. आपणहून सांगू नका, म्हणाली. त्याने विचारलं, तर मात्र खोटं बोलू नका.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “म्हणून बोलत राहिलो रे. वाटलं, आता तरी विचारशील, आई कशी आहे.”